हातातला फोन आणि आभाळातलं यान

(साक्षरता वर्गाच्या निरोपाच्या सभेत, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं केलेलं भाषण)



मी तुमच्याच गावची मुलगी. रोज सकाळच्या एस.टी.नं सोलापूरला कॉलेजात जाते आणि दिवेलागणीला परत येते. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी मला कडेवर घेऊन खेळवलं आहे. तेव्हा तुमच्यापुढं उभं राहून बोलायचा मला संकोच वाटतो. पण बाई म्हणाल्या, "तू विज्ञान शिकतेस. फोन, टीव्ही, चंद्रावर गेलेलं यान, यांबद्दल तुला काय वाटतं ते वर्गाला सांग." म्हणून मी उभी राहिले.

माझी आई पहिल्या ओळीत बसली आहे. गेल्या वर्षापर्यंत ती अंगठा उठवत होती. आज ती सही करते. तिच्यासमोर मला फुशारकी मारता येणार नाही. जे माहीत आहे तेवढंच सांगते, आणि जिथं माझं स्वतःचं चुकलं तेही सांगते.

फोनचं बोलणं जातं कुठून?

परवा पारावर तात्या म्हणत होते, "फोनचं बोलणं वर उपग्रहाकडं जातं आणि तिथून खाली येतं." पुष्कळांना असंच वाटतं. पण तसं नाही.

तुम्ही फोनमध्ये बोललात, की फोन त्या आवाजाचे आकडे करतो. ते आकडे न दिसणाऱ्या लहरींवरून जवळच्या टॉवरकडं जातात. टॉवरपासून पुढं पुष्कळ ठिकाणी जमिनीत पुरलेल्या तारा असतात. या तारा तांब्याच्या नसतात. त्या केसासारख्या बारीक काचेच्या असतात. त्यांतून उजेडाची उघडझाप धावते. दुसऱ्या गावच्या टॉवरपाशी त्या उजेडाच्या पुन्हा लहरी होतात आणि तुमच्या लेकीच्या फोनमध्ये आवाज होऊन पोचतात. म्हणजे आपलं रोजचं बोलणं जमिनीवरूनच जातं. टॉवर लांब असला की रेंज जाते, ती यामुळंच.

मग उपग्रह काय कामाचा? तेही सांगते.

फोनमध्ये नकाशा असतो. आपण कुठं उभे आहोत ते तो दाखवतो. हे उपग्रहामुळं होतं. तुम्ही शेतात असताना वीज चमकते. मग थोड्या वेळानं गडगडाट येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज साधारण एक किलोमीटर लांब आहे असं समजावं. सहा सेकंद गेले तर दोन किलोमीटर. आवाजाला लागलेल्या वेळावरून आपण अंतर काढलं. फोनही तेच करतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह सारखे "आत्ता इतके वाजले" असं सांगत असतात. तो निरोप यायला किती वेळ लागला, यावरून फोन अंतर काढतो. निदान चार उपग्रहांचे निरोप मिळाले, की तुमची जागा ठरते. हे काम अमेरिकेचे उपग्रह करतात. आपल्या देशानंही या कामासाठी स्वतःचे उपग्रह सोडले आहेत. त्यांना 'नाविक' म्हणतात.

टीव्हीचे उपग्रह याहून उंच असतात. सुमारे छत्तीस हजार किलोमीटर. तिथला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो. पृथ्वीला एक फेरा घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच त्याला लागतो. म्हणून तो आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखा असतो. म्हणूनच छपरावरची डिश एकदा नीट बसवली, की रोज हलवावी लागत नाही.

शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट

आपल्या शेजारी कर्नाटकात विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे आहेत. आपल्याकडच्या कितीतरी सोयरिकी तिकडं आहेत. १९७५ साली तिथल्या खेड्यांत एक नवल घडलं. ज्या गावांनी कधी टीव्ही पाहिला नव्हता, तिथं तारेच्या जाळीची मोठी छत्री उभी राहिली. तिच्याशेजारी एक टीव्ही आला. सारा गाव संध्याकाळी त्याच्यापुढं बसू लागला. शेतीची माहिती, लेकराबाळांचं आरोग्य, शाळेचे धडे, असे कार्यक्रम लोकांना कानडीतून दिसू लागले.

हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत झाला. १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला आणि एक वर्ष चालला. उपग्रह अमेरिकेकडून वर्षापुरता उसना घेतला होता. पण कार्यक्रम आपले होते. आपल्या देशात अवकाशाचं काम सुरू करणारे डॉ. विक्रम साराभाई यांची ही कल्पना. ते १९७१ साली वारले. प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. पण रॉकेट आणि उपग्रह हे खेड्यातल्या माणसाच्या उपयोगी पडले पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं मागं राहिलं.

म्हणून मला वाटतं, की अवकाशाचं काम फक्त शहरातल्या मोठ्या माणसांचं आहे असं समजू नये. त्याची सुरुवातच खेड्यांकडं बघून झाली आहे.

"चंद्रावर जाऊन काय मिळालं?"

२३ ऑगस्ट २०२३. त्या संध्याकाळी आपण सगळे शाळेतल्या टीव्हीसमोर जमलो होतो. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. सहा वाजून चार मिनिटांनी आपलं 'विक्रम' नावाचं यान चंद्रावर अलगद उतरलं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ त्याआधी कुठल्याच देशाचं यान असं सुखरूप उतरलं नव्हतं. पोरं नाचली. कुणीतरी पेढे वाटले.

तेवढ्यात मागून नाना म्हणाले, "पोरी, हे सगळं ठीक आहे. पण इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिकडं चंद्रावर पाणी शोधून आपल्याला काय मिळणार?"

मला राग आला होता. पण नंतर वाटलं, नानांचा प्रश्न खरा आहे. त्याला खरं उत्तर द्यायला हवं. ते आज देते.

पहिली गोष्ट खर्चाची. त्या मोहिमेला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. आकडा मोठा आहे. पण देशातली माणसं आहेत १४० कोटींच्या वर. वर्गात आपण भागाकार शिकलो. तो करून बघा. माणशी साडेचार रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात अर्धा कप चहा येतो. तेवढे पैसे वाचवून आपला टँकर बंद झाला नसता.

दुसरी गोष्ट उपयोगाची. ओडिशा राज्याच्या किनाऱ्यावर १९९९ साली मोठं चक्रीवादळ आलं. सुमारे दहा हजार माणसं दगावली. त्याच किनाऱ्यावर २०१९ साली 'फनी' नावाचं भयंकर वादळ आलं. या वेळी उपग्रहाच्या चित्रांवरून वादळाची वाट आधीच कळली होती. बारा लाखांवर माणसं अगोदरच सुरक्षित जागी हलवली. दगावलेल्यांची संख्या शंभराच्या आत राहिली. हे सगळं एकट्या उपग्रहानं केलं असं मी म्हणत नाही. निवारे बांधले होते. गावोगावचे कार्यकर्ते घरोघर फिरले होते. पण आधी कळलं, म्हणून हे करता आलं.

तिसरी गोष्ट मात्र नानांच्या बाजूची आहे. उपग्रह ढग दाखवतो. तो पाऊस पाडत नाही. आपल्या शिवारात नेमका किती पाऊस पडेल, हे अजून छातीठोक सांगता येत नाही. पाणी अडवायचं, बांध घालायचे, उसाला किती आणि ज्वारीला किती द्यायचं हे ठरवायचं, ही कामं आपलीच आहेत. चंद्रावर यान गेलं म्हणून ती आपोआप होणार नाहीत. नाना, तुमचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट मला या कामातून शिकायला मिळाली. २०१९ साली आपलं आधीचं यान चंद्रावर उतरताना आदळलं होतं. सगळ्या जगानं ते पाहिलं. पण आपले लोक लपून बसले नाहीत. काय चुकलं ते त्यांनी शोधलं. पुढच्या यानाचे पाय मजबूत केले. इंधन जास्त घेतलं. चार वर्षांनी ते पुन्हा गेले. चाळिशीत पाटी हातात धरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. "अक्षर पुन्हा चुकलं" म्हणून तुम्ही किती वेळा पुसून लिहिलंत, ते मी पाहिलं आहे.

२०२५ सालच्या जून महिन्यात आपल्या देशाचे शुभांशु शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले होते. त्यानंतर इतक्या वर्षांनी हे दुसरे. ते स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंच आहे. म्हणजे सोलापूरहून मुंबई जेवढी लांब, साधारण तेवढंच वर. तिथं त्यांनी मूग आणि मेथीचे दाणे रुजवून पाहिले. आपल्या परड्यात पेरतो तेच मूग, तीच मेथी! कधी पहाटे किंवा दिवेलागणीनंतर एखादी ठळक चांदणी न लुकलुकता आभाळातून सरकताना दिसली, तर ते स्थानक असू शकतं. लेकरांना दाखवा.

फोनवरचं खोटं

आता मला एक जड गोष्ट सांगायची आहे.

२०१८ सालचा जून महिना. मी नुकतीच आठवीत गेले होते. घरात एकच मोठा फोन होता, काकांचा. त्यावर एक निरोप आला. "मुलं पळवणारी टोळी आली आहे. सावध राहा. सगळ्यांना पाठवा." खाली एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावरचं मूल उचलून नेतात.

मी तो निरोप पुढं पाठवला. एकाला नाही, सापडेल त्या प्रत्येकाला पाठवला. मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

ती चित्रफीत मुळात कराची शहरातली होती. मुलांची काळजी घ्या, हे लोकांना सांगण्यासाठी तिथं ती मुद्दाम काढलेली होती. शेवटी ते मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा आपल्या देशात फिरवला. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

तशाच अफवा त्या दिवसांत धुळे जिल्ह्यातही फिरत होत्या. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. तिथं बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. बाजारातल्या लोकांना संशय आला, की हेच मुलं पळवणारे. कुणी विचारपूस केली नाही. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारलं. पाचही जण मेले.

मंडळी, त्यांच्यातले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातले होते. मंगळवेढा तालुक्यातले. पोटासाठी शेकडो किलोमीटर लांब गेले होते. त्यांच्या पिशवीत मुलं नव्हती. त्यांची स्वतःची मुलं घरी वाट बघत होती.

मी पाठवलेला निरोप राईनपाड्याला गेला नसेल. पण तसलाच निरोप कुणीतरी पाठवला होता. माझ्यासारख्याच, चांगलं वाटून पाठवणाऱ्या कुणीतरी. हे मनात आलं की आजही मला झोप लागत नाही. पुढं व्हॉट्सॲपनं एक निरोप एका वेळी पाच जागीच पाठवता येईल असा नियम केला. पण पाच जागी गेलेलं खोटंही खोटंच असतं.

म्हणून मी स्वतःला तीन प्रश्न घालून घेतले आहेत. हे कुणी सांगितलं? कधीचं आहे? कुठलं आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर निरोप माझ्यापाशी थांबतो. "सगळ्यांना पाठवा" असं लिहिलं असेल, तर तो नक्कीच थांबतो.

तात्यांचा कांदा

तात्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, म्हणून सांगते.

तात्यांनी सोलापूरच्या बाजारात कांदा विकला. पट्टीचे पैसे खात्यावर आले. दुसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारा गोड होता. म्हणाला, "तुम्हाला आणखी पैसे मिळायचे आहेत. फोनवर खूण आली आहे. तिथं तुमचा पिन घाला, म्हणजे पैसे जमा होतील." तात्यांनी पिन घातला. पैसे जमा झाले नाहीत. खात्यातले अठरा हजार गेले. चार महिन्यांची मेहनत एका मिनिटात गेली.

फोनच्या पाटीवर लिहिलेलं होतं, की तुम्ही पैसे देत आहात. तात्यांना ते वाचता आलं नाही. दोन दिवस त्यांनी शरमेनं कुणाला सांगितलंही नाही. मग फार उशीर झाला होता. पैसे परत आले नाहीत. पुढच्याच महिन्यात तात्या या वर्गात येऊन बसले.

तेव्हा एवढं पाठ करा. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. बँकेकडून आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही, मागणारा स्वतःला साहेब म्हणवत असला तरी नाही. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. तसा कायदाच नाही. आणि फसवणूक झाली, तर त्याच घडीला १९३० या नंबरवर फोन करा. लवकर कळवलं, तर पैसे वाटेतच अडवता येण्याची आशा असते. शरम चोराला वाटायला हवी. आपण का लाजायचं?

फोन घ्यावा का, आणि कुणी घ्यावा?

माझ्या वर्गातली काही मुलं हप्त्यावर महागडे फोन घेतात. दुकानदार म्हणतो, "महिन्याला फक्त दीड हजार." आपण 'फक्त' एवढंच ऐकतो. बारा महिन्यांचे होतात अठरा हजार. तोच फोन रोख पंधरा हजाराला मिळत असेल, तर तीन हजार कशाचे दिले? नवा फोन बाजारात आला म्हणून जुना वाईट होत नाही. माझं मत असं, की आधी गरज लिहून काढावी, मग भाव विचारावा.

माझा स्वतःचा फोन कसा आला, ते आईला विचारा. २०२० साली करोनाची साथ आली. शाळा बंद झाली. मी दहावीला होते. धडे फोनवर येऊ लागले. आईनं विड्या वळून जमवलेले पैसे काढले, एक शेळी विकली आणि कुणीतरी वापरलेला फोन आणला. काचेला तडा होता. घरात रेंज नव्हती. देवळामागच्या लिंबाखाली बसून मी दहावी केली.

तेव्हा काही जण आईला म्हणाले होते, "पोरीच्या हातात फोन देऊ नका, पोर बिघडेल." आई म्हणाली, "पोराच्या हातात दिला तर तो बिघडत नाही का?" तेवढ्यावर बोलणं संपलं. मीही तेच म्हणते. काळजी घ्यायची असेल तर दोघांचीही घ्या. आणि लेकीला फोन नाकारण्यापेक्षा तिच्याजवळ बसून तो तिच्याकडून शिकून घ्या.

फोननं शिक्षण कसं होतं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसं गाव. २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले. शाळेची पडकी खोली एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठी, अशी मधे होती. गुरुजींनी मुलांच्या पुस्तकांत काळेपांढरे चौकोन छापून चिकटवले. त्या चौकोनावर फोन धरला, की धडा ऐकू येई, कविता ऐकू येई, चित्र दिसे. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच असे चौकोन आले. २०२० साली गुरुजींना जगातल्या शिक्षकांचं मोठं बक्षीस मिळालं. दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटी रुपयांच्या वर. त्यातले निम्मे त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले.

पण नीट ध्यानात घ्या. शाळा फोननं बदलली नाही. गुरुजी घरोघर गेले, मुलींना शाळेत आणलं, धडे मुलांच्या भाषेत केले. फोन त्यांच्या हातातलं अवजार होता. विळा जसा कापणाऱ्याच्या हातात, तसा.

दीड तासाची गोष्ट

शेवटी एक सूचना मांडते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनानंतर तिथल्या लोकांनी पाहिलं, की पोरं फोन सोडत नाहीत आणि मोठी माणसं टीव्ही सोडत नाहीत. २०२२ साली गावानं ठरवलं. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. मग दीड तास घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद. पोरं अभ्यासाला बसतात. मोठी माणसं वाचतात, एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला काही जण हसले. पुढं सगळ्या देशात त्या गावाचं नाव झालं.

आपल्याकडं हे का होऊ नये? हा वर्ग आज संपतो आहे. पण वाचायची सवय मोडली, तर शिकलेली अक्षरंही पुसट होतात. सातला आपल्या मारुतीची घंटा वाजवू. भोंगा नसला तरी चालेल. त्या दीड तासात घरातल्या प्रत्येकानं एक पान मोठ्यानं वाचावं. आधी आजीनं, मग नातवानं. ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुम्ही पाठीशी उभ्या राहा.

परवा आईला फोन आला. "बँकेतून बोलतोय, आलेला आकडा सांगा." आईनं फोन कानापासून दूर धरला. त्यावरचा निरोप एकेक अक्षर लावून वाचला. 'हा आकडा कोणालाही सांगू नका' असं त्यात लिहिलं होतं. आई त्याला म्हणाली, "बाबा, इथं तर सांगू नका असं लिहिलंय." आणि तिनं फोन ठेवून दिला.

मंडळी, चंद्रावर यान उतरलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी आईसाठीही वाजवल्या.